बादलीतली झांज

मी आयुष्यात एकदाच सत्ता भोगली. कांदिवलीला डहाणूकरवाडीत आमची सत्तावीस बिऱ्हाडांची सोसायटी, तिचा मी सहा वर्षे सेक्रेटरी होतो. सेक्रेटरीला पगार नसतो, पण नोटिसा काढता येतात. माझी सर्वांत गाजलेली नोटीस १९८९ सालच्या नोव्हेंबर अखेरची: 'इमारतीत ड्रम, ढोल अथवा तत्सम चर्मवाद्ये वाजवण्यास सक्त मनाई आहे.' त्यातला 'तत्सम' हा शब्द माझा. त्याचा मला फार दिवस अभिमान होता.

नोटीस सर्वांसाठी असली तरी ड्रम एकाच घरात होता आणि ते घर नेमके आमच्या डोक्यावर होते. मुलगा सतरा-अठरा वर्षांचा, तसा सालस. मामाकडून त्याला साठच्या दशकातल्या इंग्रजी गाण्यांच्या तबकड्या मिळाल्या आणि त्यांच्याबरोबर एक जुना ड्रमसेट. रोज संध्याकाळी पाच ते सात. तेही काही निरनिराळे वाजवील तर शपथ! धप् टाक्, धपधप् टाक्. कानांत बोळे घालून बोनफोन वापरावा तसा स्वतः कानाला हेडफोन लावून बसायचा आणि आम्ही खाली उघड्या कानांनी. शेवटी एकदा वर गेलो.

"अरे, तुला दुसरं काही येत नाही का?"

"काका, मी रिंगो स्टारसारखं वाजवायचा प्रयत्न करतोय."

रिंगो स्टार हे मला रांगोळीच्या प्रकाराचे नाव वाटले. मग त्याने मला अर्धा तास उभे करून सगळी कुंडली सांगितली. हा बीटल्समधला चौथा. लिव्हरपूलचा, खरे नाव रिचर्ड स्टार्की, जन्म १९४०चा. लहानपण आजारपणात गेले. क्षय झाला तेव्हा हॉस्पिटलात पोरांचे मन रमावे म्हणून वाद्ये देत, तिथे ढोलकं हाती आले ते कायमचे. १९६२ साली बीटल्समध्ये आला. मूळचा डावखुरा, पण सेट उजव्या माणसासाठी मांडतात तसाच मांडलेला, त्यामुळे हात भलतीकडून फिरतो आणि ठेका जरा निराळा पडतो. एकट्याने वाजवून टाळ्या घेण्याचा मनस्वी कंटाळा. बीटल्सच्या सगळ्या तबकड्यांत मिळून एक सोलो, तोही १९६९ साली, इतरांनी गळ घातली म्हणून.

"काका, रिंगो कमी वाजवतो म्हणूनच मोठा आहे."

"मग तूही कमी वाजव," मी म्हणालो.

हा विनोद मी पुढे कितीतरी वर्षे इमारतीच्या जिन्यात सांगत असे. लोक हसत. पोरगा हसला नव्हता.

रिंगोची एकच गोष्ट मला त्या वेळी पटली. १९६८ साली बीटल्स ध्यान शिकायला ऋषिकेशला आले, तेव्हा हा गृहस्थ बरोबर बीन्सचे डबे घेऊन आला आणि दहाएक दिवसांत परत गेला. परगावी जाताना मेतकुटाची बरणी घेऊन जाणाऱ्या माणसाने त्याला नावे ठेवू नयेत.

खरे सांगायचे तर आवाजाशी आमचे भांडण नव्हतेच. नवरात्रात आमच्याकडे नऊ रात्री गरबा चालतो आणि गणपतीत ढोल-ताशा खिडकीखालून जातो, तेव्हा हा सेक्रेटरी पावतीपुस्तक घेऊन पुढे असायचा. अडचण होती ती त्या स्टुलावर बसून वाजवण्याची. तबला वाजवणारा मुलगा मांडी घालून बसतो, गुरूंच्या पाया पडतो, नापास झाला तरी घरचाच वाटतो. ड्रम म्हणजे हॉटेलातला बँड. ते काम गोवेकर आणि पारशी मंडळींचे, अशी आमची वाटणी. कावस लॉर्ड, लेस्ली गोदिन्हो ही मंडळी आमच्या आवडत्या हिंदी गाण्यांत वाजवत होती आणि आम्ही नावे पाठ करत होतो ती गायकांची. १९६५च्या 'गुमनाम'मध्ये तर टेड लायन्स आणि त्याचे 'कब्ज' हा मुंबईचा अख्खा बीट ग्रुपच पडद्यावर आहे. पण पुढे लक्ष्मी छाया नाचत असताना मागे ड्रमवर कोण बसलाय हे पाहणारा प्रेक्षक मला अजून भेटायचा आहे.

हे सगळे आत्ता उकरून काढायचे कारण म्हणजे आमचा नातू. मी जुन्या कॅसेटवर शोभा गुर्टूंची ठुमरी ऐकत बसलो होतो, तर म्हणाला, "आजोबा, यांचा मुलगा ड्रम वाजवतो, माहितेय?" मी म्हटले, शक्य नाही. बेळगावात जन्मलेल्या, मेनकाबाई शिरोडकरांच्या पोटी आलेल्या शोभाताई, त्यांचा मुलगा आणि ड्रम? त्याने मोबाइल माझ्या नाकाशी धरला.

पाहतो तो काय, स्टूल नाही! माणूस खाली बसलेला. एका बाजूला तबला, दुसरीकडे ड्रम, वर झांजा टांगलेल्या आणि शेजारी चक्क पाण्याची बादली. वाजती झांज तो त्या बादलीत बुडवत होता. आमच्या सोसायटीत त्या काळी पाणी सकाळी पाऊण तास येई. संगीतासाठी कुणी बादली अडवली असती तर मी स्वतंत्र नोटीस काढली असती.

तर हा त्रिलोक गुर्टू. जन्म १९५१, मुंबई. लहानपणी शाह अब्दुल करीम यांच्याकडे तबला, सत्तरच्या दशकात ड्रम, मग युरोप. 'ओरेगॉन' या अमेरिकन चमूचा सतार-तबला वाजवणारा कॉलिन वॉलकॉट १९८४ साली अपघातात गेला, तेव्हा त्याच्या जागी हा बसला. त्याने स्वतः सांगितलेली गंमत अशी की, स्टुडिओत आवाजावर आवाज चढवून ध्वनिमुद्रण करतात हे त्याला ठाऊकच नव्हते. परदेशी गाण्यांत ऐकू येते ते सगळे एकाच वेळी वाजवलेले असणार असे समजून तो तसे वाजवायला शिकला. अज्ञानाला इतके घसघशीत व्याज मिळालेले मी दुसरे पाहिले नाही. माझ्या अज्ञानाने मला फक्त सेक्रेटरी केले.

पण सगळेच वाजवता येणे हे संकटही आहे. १९९३च्या 'क्रेझी सेंट्स'मध्ये जो झाविनुल, पॅट मेथेनी अशी बडी पाहुणेमंडळी आहेत आणि त्रिलोक आग्रही यजमानासारखा वाढत सुटतो. पानात भात असताना वर भात. मला तो आवडतो तिघांच्या पंगतीत: जॉन मॅक्लॉफ्लिनची गिटार, काई एकहार्टचा बास आणि हा. लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमधली २७ नोव्हेंबर १९८९ची त्यांची मैफल तबकडीवर आहे. तीत 'मदर टंग्ज' नावाची अठराएक मिनिटांची चीज आहे. मदर टंग्ज, म्हणजे मातृभाषा! लंडनला तो आपली मातृभाषा ऐकवत होता त्याच आठवड्यात मी डहाणूकरवाडीत 'तत्सम' लिहीत होतो.

त्या बादलीचा अर्थ मला तिसऱ्या-चौथ्यांदा ऐकताना लागला. झांज पाण्यात बुडवली की तिचा सूर वाकतो, हळूच घसरतो. अहो, ही मींड! शोभाताई एकेक शब्द कसा वाकवून, लाडावून घेत, ते ज्या पोराने घरात ऐकले त्याला सरळसोट खणखणणारी झांज पुरणार कशी? पितळेला मींड घ्यायला लावायची तर पाण्यात बुडवण्यावाचून इलाज नाही. १९८८च्या त्याच्या 'उस्फ्रेट'मध्ये 'शोभारॉक' म्हणून एक चीज आहे, त्यात आई गाते. तो आवाज आला की माझे ठेक्याकडे लक्षच राहत नाही. हे ठेक्याचे कौतुक समजावे. असले मागे राहणे मला आधी कुणीतरी समजावून सांगितले होते, हे तेव्हा आठवले.

मग मी नातवाला बीटल्स लावायला सांगितले. गाणे पूर्वी कधी ऐकलेले नव्हते, पण ठेका मला पाठ होता! धप् टाक्, धपधप् टाक्. सहा महिने वैतागून ऐकला, तो हाच. फक्त त्यावरच्या गिटारी, ते तिघांचे गळे, ती सगळी गोड बाजू वरच्या मजल्यावर हेडफोनमध्ये होती आणि खाली आमच्या वाट्याला एकटा रिंगो येत होता.

परवा कांदिवली स्टेशनच्या पुलावर तो भेटला. आता पन्नाशी उलटलेला, केस विरळ, खांद्याला बॅग. मी त्याला थांबवून त्रिलोक गुर्टू, बादली, मींड सगळे एका दमात सांगितले. तो ऐकत होता आणि त्याची दोन बोटे पुलाच्या कठड्यावर चालली होती.

"काका, तुम्ही ड्रम कधीपासून ऐकायला लागलात?"

"तुझे बंद झाल्यावर," मी म्हणालो.

या वेळी तो हसला. ड्रमसेटचे काय केलेस, हे विचारायचे होते. पण चर्चगेट फास्टची घोषणा झाली आणि तो जिन्याकडे धावला.