एकच चित्र, दोन बरोबर उत्तरं

बारावीच्या लिनियर प्रोग्रामिंगमधला हा प्रश्न तुम्हाला आठवत असेल. आलेखावर दोन-तीन रेषा, मध्ये छायांकित भाग, खाली असमानतांचे चार संच. योग्य तो निवडा. सीईटीची तयारी करताना असे ढीगभर सोडवले जातात. माझी तक्रार प्रश्न सोपा असण्याबद्दल नाही. तो जे तपासतो, ते फारच थोडं आहे.

क्लासमधली युक्ती अशी: आरंभबिंदू (०, ०) असमानतेत घाला, विधान खरं ठरलं तर आरंभबिंदूकडची बाजू आपली. दोन रेषांसाठी दोनदा केलं की बहुतेक वेळा तीन पर्याय गळतात. युक्ती चूक नाही. रेषेच्या एका बाजूचे सगळे बिंदू सारखेच वागतात, म्हणून एक बिंदू तपासला की पुरतो. पण हे ‘म्हणून’ कोणी विचारतच नाही. मग य ≥ २क्ष अशी आरंभबिंदूतूनच जाणारी रेषा आली की गाडी अडते, खरं तर (१, ०) घेऊनही काम झालं असतं. ‘लहान म्हणजे खालचा भाग’ हे पाठांतर तर सरळ फसवतं: क्ष − य ≤ २ चा भाग रेषेच्या वर असतो.

खरी मेख वेगळीच आहे. हा संच कागदावर काढून बघा: क्ष + २य ≤ ८, २क्ष + य ≤ ८, क्ष ≥ ०, य ≥ ०. चौकोन मिळेल, कोपरे (०, ०), (४, ०), (८/३, ८/३) आणि (०, ४). आता क्ष + य ≤ ६ ही अट वाढवा. चित्र तसूभरही बदलत नाही! म्हणजे एकाच छायांकित भागाला दोन बरोबर संच. तपासणाऱ्या संगणकाला एकच उत्तर लागतं हे मान्य, पण त्यामुळे चित्र आणि संच यांची जोडी ठरलेलीच असते असा समज पक्का होतो.

ती अट फुकट का गेली? पहिल्या दोन असमानता बेरजेत घ्या: ३क्ष + ३य ≤ १६, म्हणजे क्ष + य ≤ १६/३. हे सहाच्या आतच आहे. चित्राकडे न बघता कळलं. हंगेरीच्या फार्कश यांच्या १९०२च्या प्रमेयाचा गाभा हाच. संचाला उत्तर असेल आणि त्यातून एखादी रेषीय असमानता निघत असेल, तर मूळ असमानतांना ऋण नसलेल्या संख्यांनी गुणून, बेरीज करून आणि लागल्यास उजवी बाजू थोडी सैल करून ती मिळतेच.

संशोधनात आम्हाला हेच लागतं, कारण चल तीनच्या वर गेले की रंगवणार काय? मोठ्या वेळापत्रकांच्या गणितात सॉफ्टवेअर सोडवायला बसण्याआधीच अशा फुकट अटी शोधून काढून टाकतं. या टप्प्याला प्रीसॉल्व्ह म्हणतात.

मी पेपर काढला तर विचारेन: या पाचपैकी कोणती असमानता खोडली तरी चित्र तेच राहील, आणि का? वरच्या चौकोनात क्ष ≤ ५ घालून बघा. ती कोणत्या दोघींमधून निघते?