गुरुत्वाकर्षण म्हणजे उरलेली वीज का?

आजचा विषय आम्ही निवडला नाही, तो आमच्या गळ्यात पडला. काही वर्षांपूर्वी इथे सोलापुरातच एका पुस्तिकेच्या प्रकाशनाला आम्ही अध्यक्ष होतो. लेखक निवृत्त अभियंते. त्यांचं म्हणणं असं की गुरुत्वाकर्षण नावाचं वेगळं बल नाहीच. अणूतल्या धन आणि ऋण प्रभारांची ओढाताण पुरती फिटत नाही, किंचित ओढ शिल्लक राहते, आणि तीच आपल्याला वजन म्हणून जाणवते. आम्ही पुस्तिका चाळली होती, वाचली नव्हती. तरी भाषणात ‘क्रांतिकारक’ म्हणून बसलो. दुसऱ्या आवृत्तीच्या मलपृष्ठावर तो शब्द आमच्या नावानिशी छापून आला. यात चूक त्यांची नाही, आमची आहे. ते आज दुसऱ्या रांगेत बसले आहेत, आणि त्यांना आधी सांगूनच आम्ही हे बोलतो आहोत.

पहिलं म्हणजे, ही कल्पना वेडगळ नाही. नवीही नाही, बरं का. इटलीत मोस्सोत्ती यांनी १८३६ मध्ये, नंतर जर्मनीत त्सोल्नर यांनी, आणि १९०० मध्ये खुद्द लोरेन्ट्झ यांनी ती मांडली. विजातीय प्रभारांमधलं आकर्षण सजातीय प्रभारांमधल्या प्रतिकर्षणापेक्षा केसभर जास्त धरा, की झालं, उदासीन वस्तूही एकमेकींना ओढू लागतात. पण लोरेन्ट्झ तिथे थांबले नाहीत. बुधाच्या कक्षेचा सूर्याजवळचा बिंदू, इतर ग्रहांची ओढ जमेस धरूनही, शतकाला सुमारे ४३ विकला जास्त सरकतो. हे आपल्या समीकरणांतून निघतं का, ते त्यांनी तपासलं. निघालं ते फारच थोडं, आणि त्यांनी तसं लिहिलं. १९१५ मध्ये आइन्स्टाइनच्या सिद्धान्तातून तो आकडा बरोबर आला.

त्याआधी फॅरेडे. गुरुत्व आणि वीज यांचं नातं असलंच पाहिजे, अशी त्यांची श्रद्धा होती. १८४९ पासून त्यांनी वस्तू खाली पाडून वीज निर्माण होते का ते पाहिलं. १८५९ मध्ये लंडनच्या छर्रे पाडायच्या मनोऱ्यात जड शिसं वरखाली नेऊन पाहिलं. काही मिळालं नाही. शेवटचा निबंध १८६० मध्ये स्टोक्स यांच्या सल्ल्यावरून त्यांनी मागे घेतला. श्रद्धा मात्र सोडली नाही, आणि त्याबद्दल आमची तक्रारही नाही.

आता पुस्तिकेकडे येऊ. दोन प्रोटॉनांमधलं विद्युत प्रतिकर्षण त्यांच्यातल्या गुरुत्वाकर्षणाच्या साधारण १ वर ३६ शून्ये इतक्या पटीने मोठं आहे. पुस्तिका म्हणते, आमच्या सिद्धान्ताने गुरुत्व इतकं दुबळं का, ते कळतं. नाही हो कळत. ओढ उरली किती? तर मोजलेल्या गुरुत्वाला लागते बरोबर तेवढीच. आकडा या खिशातून त्या खिशात गेला, एवढंच. गरजेपेक्षा जास्त गृहीतं धरण्याला नैयायिक ‘कल्पनागौरव’ म्हणतात. गुरुत्व समजावायला निघालेल्या सिद्धान्ताला गौरवाचाच दोष लागावा! (हशा)

पण खरी अडचण इथे नाही. गुरुत्वाबद्दल समजावून सांगायची गोष्ट ‘ओढ’ ही नाहीच मुळी. वैशेषिकांनी गुरुत्व हे पतनाचं कारण मानलं, पण ते पृथ्वी आणि जल या दोनच द्रव्यांना दिलं, तेजाला नाही. म्हणजे पदार्थागणिक भेद केला. प्रत्यक्षात असा भेद कुठेच सापडत नाही. हवेचा अडथळा सोडला तर सगळं सारखंच पडतं. हा जो गुरुत्वाचा निःपक्षपातीपणा आहे, तो विजेतून कसा आणणार?

हिशेब शाळेतल्या मुलालाही जमेल असा आहे. ॲल्युमिनियमच्या अणुकेंद्रात २७ कण, त्यातले १३ प्रोटॉन. शिशात साधारण २०७ कण आणि ८२ प्रोटॉन. न्यूट्रॉनवर प्रभार नाही. म्हणजे किलोमागे शिशात प्रभार सुमारे १८ टक्के कमी. ओढ प्रभारांतून येत असेल तर शिसं तेवढ्या कमी त्वरणाने पडायला हवं. २० मीटर उंच गच्चीवरून दोन्ही गोळे सोडा. ॲल्युमिनियम जमिनीला टेकेल तेव्हा शिसं अजून साडेतीन मीटर वर असेल! असं कुणी पाहिलंय? फ्रान्सच्या मायक्रोस्कोप उपग्रहात टायटॅनियम आणि प्लॅटिनम यांची तुलना झाली. अशाच हिशेबाने तिथे १३ टक्क्यांच्या आसपास फरक दिसायला हवा होता. २०२२ मध्ये अंतिम निष्कर्ष आला: एकावर पंधरा शून्यांमागे काही भाग, इतक्या सूक्ष्म मापातही फरक नाही.

यावर लेखक आम्हाला म्हणाले, न्यूट्रॉनच्या आत क्वार्क आहेत, त्यांना प्रभार आहे. मान्य. पण क्वार्कांची स्वतःची वस्तुमानं न्यूट्रॉनच्या वस्तुमानाचा अगदी लहानसा भाग आहेत. बाकीचं आतल्या ऊर्जेचं. त्या ऊर्जेलाही वजन आहे, आणि तिथे मोजायला प्रभारच नाही. पुस्तिकेत न्यूट्रॉन हा शब्द एकदाच येतो, तोही तळटीपेत.

शेवटच्या प्रकरणात तक्रार आहे की प्रस्थापित लोक वेगळा विचार ऐकूनच घेत नाहीत. इथे आम्हाला कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर आठवतात. १९६४ मध्ये हॉयल आणि त्यांनी गुरुत्वाचा प्रवाहाविरुद्धचा सिद्धान्त मांडला: वस्तूला वस्तुमान मिळतं ते विश्वातल्या इतर सगळ्या द्रव्यामुळे. गंमत म्हणजे त्यांनीही विद्युतशास्त्राचाच आधार घेतला, व्हीलर आणि फाइनमन यांच्या मांडणीचा. पण घेतली ती मांडणीची रीत, बल नव्हे. हॉयल यांनी रॉयल सोसायटीत तो सांगितला तेव्हा हॉकिंग नावाचा विद्यार्थी उठून म्हणाला, तुमची ही राशी अनंत होते. बोट ठेवायला जागा होती म्हणून त्याला बोट ठेवता आलं. नारळीकर २०२५ मध्ये गेले. तोवर ते प्रवाहाबाहेरच राहिले, पण त्यांना कुणी ऐकलं नाही असं कोण म्हणेल?

आमचा ‘क्रांतिकारक’ हा शब्द आम्ही मागे घेतो. पुढच्या आवृत्तीत तो काढावा, अशी लेखकांना विनंती. त्याऐवजी टायटॅनियम-प्लॅटिनमचा हिशेब त्यांच्या समीकरणांतून छापावा, उत्तर काहीही येवो. तो आम्ही या वेळी वाचू, नुसता चाळणार नाही.

आता प्रश्न घेऊ. माइक आधी दुसऱ्या रांगेत द्या.