नवापूरच्या विषाणूचे कुळ : वंशवृक्षाच्या पुराव्याची चिकित्सा

नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथील कोंबड्यांना बर्ड फ्ल्यूच्या एच५एन१ विषाणूची बाधा झाल्याचे १८ फेब्रुवारी २००६ रोजी जाहीर झाले. भारतातील कुक्कुटपालनात या विषाणूची ही पहिलीच नोंद होय. आरंभी ही मर मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, समजली गेली. भोपाळच्या प्रयोगशाळेचा निर्णय आल्यावर लाखो पक्षी मारून पुरण्यात आले. हा रोग आला कोठून, हा प्रश्न नाशिक विभागात तेव्हापासून विचारला जातो. त्याची प्रचलित उत्तरे मात्र पुराव्याच्या पुष्कळ पुढे धावतात. प्रस्तुत टिपणात या विषयावरील दोन शोधनिबंधांच्या आधारे पुराव्याची मर्यादा ठरविण्याचा यत्न केला आहे.

विषाणूचे कुळ शोधण्याची रीत पाठचिकित्सेच्या अभ्यासकास अपरिचित वाटू नये. पोथीची नक्कल करताना लेखनिकाच्या हातून चुका होतात आणि त्या पुढील नकलांत उतरतात. दोन पोथ्यांत शुद्ध पाठ समान असला तर त्यावरून फारसे काही सिद्ध होत नाही. एकच विशिष्ट चूक दोहोंत आढळली तर मात्र त्यांचे नाते मानावे लागते. विषाणूच्या जनुकांचीही नक्कल होताना असेच पाठभेद पडतात व त्यांवरून वंशवृक्ष मांडता येतो. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे संपादन करताना पुण्याच्या भांडारकर संस्थेतील पंडितांना मिश्र पाठांनी सतावले. त्याचप्रमाणे, या विषाणूची जनुके आठ सुट्या खंडांत असल्याने, एकाच पेशीत दोन वाण शिरले तर खंडांची अदलाबदल होते. म्हणून एका खंडाचे कुळ ते सगळ्या विषाणूचे कुळ, असे गृहीत धरता येत नाही.

पहिला निबंध भोपाळच्या उच्चसुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेतील संशोधकांचा असून तो २००६ साली ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. महाराष्ट्रातील कोंबड्यांपासून मिळविलेले विषाणू त्याच वर्षी इटली व इराण येथील हंसांत आढळलेल्या विषाणूंशी जनुकीय साम्य दाखवितात, हे त्याचे प्रतिपादन. ते ‘साम्य’ या शब्दावर थांबते, हा निबंधाचा गुण होय. वाचक मात्र थांबत नाही. ‘हंसांनी रोग आणला’ असे तो स्वतःच पुढे वाचतो. वास्तविक येथे बाप-लेकाचे नाते दाखविलेले नसून भावंडांचे दाखविले आहे. हे सर्व विषाणू २.२ या शाखेचे. २००५ साली चीनमधील चिंगहाई सरोवरावर रानपक्ष्यांची मोठी मर झाली, तीतून ही शाखा प्रथम जगाच्या नजरेस आली. तिचे दूरचे मूळ १९९६ साली ग्वांगडाँग प्रांतात पाळीव हंसात सापडलेल्या वाणात आहे. म्हणजे वंशवृक्षावर थोडे मागे गेले की रानपक्ष्यामागे पुन्हा पाळीव पक्षीच उभा राहतो! शिवाय पोथी सापडली ते गाव आणि ती लिहिली गेली ते गाव एकच असते, असे नाही.

दुसरा निबंध पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतील संशोधकांचा, २००९ चा. २००८-०९ मधील भारतीय विषाणूंच्या परीक्षणावरून त्यांनी देशात विषाणूचे तिसऱ्यांदा आगमन झाल्याचे व तो येथे स्थायिक झाल्याची शक्यता असल्याचे मांडले. आगमन आणि वास्तव्य हे दोन वेगळे प्रश्न मानले, हे या निबंधाचे मोठे श्रेय होय. तथापि ‘तिसरे’ ही गणना हाती आलेल्या नमुन्यांपुरतीच खरी. मधल्या पोथ्या गहाळ असल्या की जवळचे दोन पाठ दूरचे भासतात. शेजारच्या मुलखातील वा आपल्याच बाजारातील नमुने घेतले गेले नाहीत, तर एकच अखंड धागा तीन तुकड्यांसारखा दिसणे शक्य आहे. ‘शक्यता’ हा लेखकांनी योजिलेला शब्द उद्धृत करताना गाळला जाऊ नये, एवढीच अपेक्षा.

हा काथ्याकूट निव्वळ पांडित्याचा नाही. विषाणू दर वेळी बाहेरून येत असेल, तर पाणथळी व सीमा यांवर नजर ठेवली पाहिजे. तो येथेच नांदत असेल, तर पक्ष्यांची वाहतूक, खुराडी, खाद्याच्या गाड्या आणि खत यांकडे पाहिले पाहिजे. फेब्रुवारी २०२१ मध्ये नवापुरात पुन्हा पक्षी मारावे लागले. तेव्हा जुनाच रोग उफाळला, असे केवळ गाव एक म्हणून म्हणता येणार नाही. ते जनुकांचा पाठ मेळवूनच ठरावे. नाशिक जिल्ह्यात तर गोदावरी-कादवा संगमावरील नांदूर मधमेश्वरची पाणथळ आणि शेतकऱ्यांची कुक्कुटगृहे एकाच मुलखात आहेत. अपुऱ्या वंशवृक्षावरून पाहुण्या बदकांना दोषी ठरविले, तर खुराड्याचे दार उघडेच राहील. पोल्ट्रीवाल्यास दोषी ठरविले, तर पुढच्या वेळी तो मर लपवील, आणि नमुनाच हाती येणार नाही. वंशवृक्ष नाते सांगतो. वाट आणि अपराध सांगत नाही. त्यांसाठी गावोगावच्या मरीच्या तारखा, वाहतुकीच्या नोंदी आणि पाणथळींवरील नमुने यांची जोड त्यास मिळाली पाहिजे.