श्यामची आई : ऐकलेली आणि पाहिलेली

गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील एक मुलगा शाळेच्या वक्तृत्वस्पर्धेची तयारी करीत होता. विषय होता 'श्यामची आई'. तो माझ्याकडे मुद्दे मागावयास आला, तेव्हा मी कपाटातून पुस्तक काढून त्याच्या हाती ठेवले. त्याने ते उलटसुलट करून पाहिले, शेवटचा पृष्ठांक पाहिला आणि अगदी प्रामाणिकपणे विचारले, "फादर, मी पिक्चर बघितलाय. तरी हे वाचायलाच पाहिजे का?"

प्रश्नात उद्धटपणा नव्हता. "हो, वाचायलाच पाहिजे" असे उत्तर मी दिले खरे. परंतु ते धर्मगुरूचे उत्तर होते, वाचकाचे नव्हे. चित्रपट उत्तम असेल आणि पुस्तकाशी इमान राखणारा असेल, तर पुस्तकात असे काय उरते की ज्यासाठी एका चौदा वर्षांच्या मुलाने आठ संध्याकाळी खर्च कराव्यात? या प्रश्नाने मला पुढे कित्येक दिवस स्वस्थ बसू दिले नाही.

वास्तविक हा प्रश्न विचारण्याचा अधिकार नाशिककरांइतका दुसऱ्या कोणाला क्वचितच असेल. 'श्यामची आई' लिहिले गेले ते नाशिकच्या कारागृहात, फेब्रुवारी १९३३ मध्ये, अवघ्या पाच दिवसांत. आणि ज्यांनी या देशाला चित्रपट दिला ते दादासाहेब फाळके जन्मले त्र्यंबकेश्वरी आणि निवर्तले नाशकातच, १९४४ साली. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी असलेल्या त्यांच्या स्मारकात आपल्यापैकी अनेकांची मुले सहलीला गेली असतील. त्या मुलांना एक गोष्ट मात्र सहसा कोणी सांगत नाही. १९११ च्या सुमारास मुंबईच्या एका तंबूत फाळक्यांनी प्रभू येशूच्या जीवनावरील मूकपट पाहिला आणि पडद्यावर येशूची चित्रे सरकत असताना त्यांच्या मनश्चक्षूंपुढे राम आणि कृष्ण उभे राहिले. त्यातून १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' निघाला. म्हणजे भारतीय चित्रपटाच्या मुळाशी एका प्रिय ग्रंथाचे रूपांतर आहे, आणि तो ग्रंथ आपले शुभवर्तमान आहे! तेव्हा पुस्तकाचा चित्रपट करू नये असे म्हणण्याची सोय निदान आपल्याला तरी नाही.

मग रूपांतराची कसोटी कोणती? सर्वसाधारण वाचक चित्रपटगृहातून बाहेर पडतो तो हिशेब मांडीतच. अमुक प्रसंग घेतला, तमुक गाळला. नायिका माझ्या मनातल्यासारखी नव्हती. हा हिशेब मला फारसा उपयोगाचा वाटत नाही. पसोलिनी या इटालियन दिग्दर्शकाने १९६४ मध्ये संत मत्तयच्या शुभवर्तमानावर चित्रपट काढला. त्याने संवादासाठी मत्तयच्या बाहेरचा शब्द घेतला नाही. तरीही तो येशू पाहताना आपण दचकतो, कारण घाईघाईने चालणारा, चालता चालता मागे वळून बोलणारा असा येशू आपण कधी ऐकलेला नसतो. उलट आपल्याकडे उपवासकाळात चर्चच्या भिंतीवर पांढरी चादर लावून दाखविला जाणारा 'दयासागर' (मूळ तेलुगू चित्रपट १९७८ चा) कितीतरी मनचे घालतो, गाणी घालतो, आणि तरीही म्हाताऱ्या बायका पदराने डोळे पुसतात. शब्द न शब्द पाळल्याने रूपांतर साधते असे नाही, आणि न पाळल्याने बिघडतेच असेही नाही.

'श्यामची आई'च्या बाबतीत खरी अडचण वेगळीच आहे. हे पुस्तक म्हणजे एका आईची कथा, असे आपण धरून चालतो. पण पान उघडून पाहावे. तेथे प्रकरणे नाहीत, 'रात्री' आहेत. एकूण ४२ रात्री. आश्रमात प्रार्थना आटोपली आहे, मित्र भोवती बसले आहेत आणि मोठा झालेला श्याम बोलतो आहे. आई केव्हाच गेलेली आहे. जे आपल्यापुढे येते ते आईचे जीवन नव्हे, तर मुलाच्या मुखातून निघणारे तिचे स्मरण. मित्र मध्येच काही विचारतात, श्यामचा कंठ दाटतो, एखाद्या रात्री तो पुढे बोलूच शकत नाही. पुस्तकाचा प्राण या आवाजात आहे. कॅमेरा आई दाखवू शकतो, पालगडचे घर दाखवू शकतो, विहीर, दूर्वा, समुद्र सगळे दाखवू शकतो. पण 'आई होती' या वाक्यातला भूतकाळ तो कसा दाखविणार? पडद्यावर जे जे दिसते ते ते वर्तमानकाळातच घडत असते.

आचार्य अत्र्यांनी १९५३ मध्ये या अडचणीवर जो तोड काढला तो त्यांच्या स्वभावाला साजेसाच होता. त्यांनी अडचण सोडवली नाही, बाजूला सारली. साने गुरुजी जाऊन तेव्हा जेमतेम तीन वर्षे झाली होती. अत्रे आणि गुरुजी यांच्या प्रकृतीत जमीनअस्मानाचे अंतर. एक डोळ्यांतून बोलणारा, दुसरा गडगडाटी हसणारा. परंतु दोघेही हाडाचे शिक्षक होते, आणि चित्रपट उभा आहे तो या समान पायावर. अत्र्यांनी आवाजाऐवजी चेहरा घेतला. वनमालाबाईंचा तो चेहरा! हिंदी पडद्यावर गाजलेल्या, ग्वाल्हेरच्या सरदार घराण्यातील या बाईंनी कोकणातल्या ओढगस्त ब्राह्मण घरातील आई अशी काही उभी केली की, पुढच्या दोन पिढ्यांना पुस्तक वाचतानाही तोच चेहरा दिसू लागला. माधव वझे यांचा श्याम हट्टी आहे, चुकार आहे, आणि म्हणून खरा आहे. वसंत देसाईंचे संगीत आहे. शाळेतील छडीचे ते गाणे तर पुस्तकात कोठेच नाही. तरीही महाराष्ट्रातील निम्म्या शाळांना ते गुरुजींचेच वाटते. राष्ट्रपतींचे सुवर्णपदक देण्यास १९५४ मध्ये सुरुवात झाली, तेव्हा सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून पहिले पदक याच मराठी चित्रपटाला मिळाले.

पाय मळू नयेत म्हणून रडणारा श्याम आणि दगडावर ओला पदर पसरणारी आई यांचा प्रसंग घ्या. पुस्तकात तो वाचताना मला, खरे सांगायचे तर, त्यातील उपदेश थोडा पुढे सरसावल्यासारखा वाटतो. पडद्यावर उपदेशाच्या आधी पदर दिसतो. ओले वस्त्र, दगड, लहानसे पाऊल. येथे चित्रपटाने पुस्तकावर मात केली आहे, असे मी निःसंकोचपणे म्हणेन. 'अळणी भाजी'ची गोष्ट मात्र उलट. भाजीत मीठ नाही हे वडील बोलत नाहीत, मुकाट्याने जेवतात. न बोलणे हीच ज्या प्रसंगातील घटना, ती सांगणाऱ्याच्या तोंडून जितकी रंगते तितकी पाहताना रंगत नाही, असा माझा अनुभव आहे.

हीच अडचण इतर लाडक्या पुस्तकांच्याही वाट्याला आली आहे. मिलिंद बोकील यांच्या 'शाळा'चे सारे सुख नववीतल्या मुकुंद जोशीच्या मनातल्या बडबडीत आहे. सुजय डहाके यांनी २०१२ मध्ये पडद्यावर आणलेली 'शाळा' देखणी आहे, तिला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. पण तो मुकुंद गप्प झाला आहे आणि त्याची जागा पाहण्याने घेतली आहे. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'चे (चित्रपट अमोल पालेकरांचा, १९९५) तसे झाले नाही, कारण तेथे माणदेशचा उजाड माळ हेच मुख्य पात्र आहे आणि माळ कॅमेऱ्याला वश होतो. आणि 'उंबरठा'? जब्बार पटेलांचा हा चित्रपट १९८२ चा. तो शांता निसळ यांच्या 'बेघर' कादंबरीवरून घेतला आहे, हे कितीजणांना ठाऊक आहे? ज्या पुस्तकावर वाचकांनी आधीच हक्क सांगितलेला नसतो त्याचा चित्रपट मोकळेपणाने श्वास घेतो. लाडक्या पुस्तकाला मात्र चित्रपटगृहात शेकडो मालक भेटतात.

त्याच सुजय डहाके यांनी २०२३ मध्ये 'श्यामची आई' पुन्हा पडद्यावर आणली, तीही कृष्णधवल रंगात, तेव्हा मला प्रथम धाडसाचे आणि मग काळजीचे वाटले. हा चित्रपट अत्र्यांच्या वाटेने जात नाही, हे त्याचे मोठेपण. ओम भूतकर यांच्या रूपाने त्यात प्रौढ साने गुरुजी येतात, आणि त्यांचे जीवन व श्यामचे बालपण एकमेकांत गुंफले जाते. म्हणजे अत्र्यांनी बाजूला सारलेला तो सांगणारा माणूस येथे परत आणला आहे. गौरी देशपांडे यांची आई वनमालाबाईंची नक्कल करीत नाही. ती अधिक राबणारी, अधिक थकलेली आहे. या चित्रपटालाही सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार २०२५ मध्ये जाहीर झाला. तरीही माझी तक्रार उरतेच. सांगणारा दिसू लागला की आपण त्याच्याकडे पाहू लागतो. आणि पाहू लागलो की ऐकणे कमी होते. गुरुजींचे थोरपण कळते, परंतु आश्रमातील त्या मित्रांमध्ये माझी जी जागा होती, ती जाते.

ही जागा इतकी महत्त्वाची का, हे मला एका अनपेक्षित ठिकाणी उमगले. त्या वक्तृत्ववाल्या मुलाला मी अखेर एक तोड सुचवली. तू एकट्याने वाचू नकोस, आपण सर्वांनी मिळून वाचू. शुक्रवारी संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर सभागृहात सातआठ कुटुंबे बसू लागली. एकेकाने एकेक रात्र मोठ्याने वाचावयाची. पाचव्या की सहाव्या शुक्रवारी मी 'देवाला सारी प्रिय' हे प्रकरण निवडले. एका म्हाताऱ्या अस्पृश्य बाईची लाकडांची मोळी उचलून देण्यास आई श्यामला पाठविते, आणि घरी येऊन आंघोळ कर असेही सांगते. त्या काळच्या मानाने हे मोठेच धैर्य होते, असे मी प्रास्ताविकात सांगून ठेवले होते.

वाचन संपले. मागच्या बाकावरून, संगमनेरकडून लेकीकडे राहावयास आलेल्या एक आजी उठल्या. ऐंशीच्या पुढच्या असाव्यात. म्हणाल्या, "फादर, मोळी उचलायला हात लावला, आणि मग तोच हात धुतला होय?"

सभागृहात कोणी बोलेना. आपल्यापैकी कितीतरी घरांच्या वंशावळीत श्यामची आई नाही, ती मोळीवाली म्हातारी आहे. माझ्याही. माझी आजी नगर जिल्ह्यात सरपणाच्या मोळ्या विकून घर चालवीत असे. हे पुस्तक मी सेमिनरीत असताना प्रथम वाचले, रडलो, पुढे त्यावर प्रवचनेही दिली. परंतु प्रत्येक वेळी मी श्यामच्या जागी उभा राहूनच ते वाचले होते. त्या आजीने मला माझ्या आजीच्या जागी उभे केले.

गुरुजींवर अन्याय होऊ नये म्हणून मी काही गोष्टी सांगितल्या. हे पुस्तक नाशिकच्या तुरुंगात लिहिले जात होते तेव्हा याच शहरात, १९३० च्या मार्चमध्ये सुरू झालेला काळाराम मंदिराचा लढा अजून मिटलेला नव्हता. पुस्तक प्रसिद्ध झाले १९३५ मध्ये. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला येथून जवळच येवल्यास डॉ. आंबेडकरांनी, हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा केली. आणि पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून मे १९४७ मध्ये प्राण पणाला लावून उपोषणास बसले ते हेच साने गुरुजी. आंघोळीपाशी ते थांबले नाहीत. आजीने हे सगळे ऐकून घेतले. "मग चांगलाच माणूस होता," त्या म्हणाल्या, "पण पुस्तकात आंघोळ आहेच ना?"

आहेच. पडद्यावर हे दृश्य घेणाऱ्यापुढे दोनच वाटा असतात. आंघोळ गाळावी, तर आई आजच्या काळाला सोयीची होते, पण खोटी होते. आंघोळ दाखवावी, तर ती पाणी अंगावर घेणाऱ्या मुलाची पाठ होऊन पुढे सरकते. प्रेक्षकाला तेथे हात वर करून काही विचारता येत नाही, कारण पुढचे दृश्य सुरू झालेले असते. गुरुजींनी मात्र आपल्या पुस्तकातच भोवती माणसे बसवून ठेवली आहेत आणि त्यांना विचारण्याची मुभा दिली आहे. आमच्या आजींनी फक्त त्या वर्तुळात आपले बाक सरकविले. दोन्ही चित्रपटांविषयी माझा आदर यामुळे कमी होत नाही; परंतु त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर मला त्या शुक्रवारी मिळाले, आणि मी ते त्याला सांगण्याची गरजच उरली नाही, कारण तो पहिल्याच बाकावर बसलेला होता.

स्पर्धेत त्याला क्रमांक मिळाला नाही. त्याने भाषणात मोळीचीच गोष्ट घेतली होती आणि आजींचा प्रश्न जसाच्या तसा विचारला होता. परीक्षकांनी विषयांतर झाल्याचा शेरा दिला, असे तो म्हणाला. पुढील शुक्रवारी 'मथुरी' ही रात्र आहे. वाचणार आहेत त्या आजी. त्यांना लिहिता येत नाही, पण नव्या करारामुळे वाचता येते.