एक किलोमीटर म्हणजे किती अंतर?

९ फेब्रुवारी २०२४ ला महाराष्ट्र शासनानं एक अधिसूचना काढली. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १२ प्रमाणे खाजगी विनाअनुदानित शाळांना प्रवेशाच्या वर्गात किमान पंचवीस टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्याव्या लागतात. अधिसूचनेनं सांगितलं, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर ही सक्ती नाही. १९ जुलै २०२४ ला मुंबई उच्च न्यायालयानं ती रद्द केली. चांगलंच झालं. पण खटला निकाली निघाला म्हणजे प्रश्न निकाली निघाला, असं नाही.

आधी समोरच्याची बाजू नीट मांडू या. शेजारी सरकारची शाळा असताना खाजगी शाळेला शुल्काची प्रतिपूर्ती कशाला द्यायची? तोच पैसा आपल्या शाळेवर लावू. हा युक्तिवाद टाकाऊ नाही. पण त्यात दोन गोष्टी निसटतात. एक, पंचवीस टक्क्यांमागे वेगवेगळ्या घरांतली मुलं एका बाकावर बसावीत हा हेतू होता. शेजारच्या शाळेनं तो साधत नाही. दुसरी, यात शाळा जवळ आली म्हणजे शिक्षण जवळ आलं, असं गृहीत धरलंय. शाळेचं अंतर किलोमीटरमध्ये मोजता येतं. पाचवीतल्या मुलाला दुसरीचा धडा वाचता येत नाही, हे अंतर कशात मोजणार?

आता आपल्याकडे, म्हणजे विरोध करणाऱ्यांकडे वळतो. आपणही सगळी ताकद प्रवेशावर लावली. जिथं खाजगी शाळा आहे, तिथंच या कलमाचा उपयोग. खुलताबाद तालुक्यात एखाद्या वस्तीवर फक्त जिल्हा परिषदेची शाळा असेल, तर त्या मुलाला कलम १२ काय देतं? काहीच नाही. मराठवाड्यातली ऊसतोड कामगारांची मुलं घ्या. दसरा-दिवाळीच्या सुमाराला आईबापाबरोबर फडावर जातात, गाळप संपल्यावर परततात. हजेरीपटावर नाव असतं, पण निम्मं वर्ष हातातून गेलेलं असतं.

गंमत बघा, या मुलासाठी कायद्यात तरतूद आहे. कलम ४. शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात बसवायचं आणि बरोबरीला येण्यासाठी विशेष प्रशिक्षण द्यायचं. म्हणजे नुसतं वर्गात बसवणं पुरत नाही, हे कायद्याला ठाऊक होतं. कलम १२ वर आपण कोर्टात गेलो. कलम ४ बद्दल किती जण बोललो? कारण उघड आहे. पहिल्या कलमात मध्यमवर्गाची शाळा गुंतलेली आहे, दुसऱ्यात नाही.

जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे हेच दुखणं मांडलं होतं. शेतकऱ्याच्या घामातून आलेला महसूल वरच्या वर्गांच्या शिक्षणावर जातो; तो प्राथमिक शिक्षणाकडे वळवा, असं त्यांचं म्हणणं होतं.

मग मागायचं काय? हंगामी वसतिगृहात जेवणाबरोबर रोज शिकवणारा माणूस हवा. स्थलांतरित मुलाला दिलेलं शिक्षण हमी कार्ड पाहून कारखान्याजवळच्या शाळेनं त्याला खरोखर शिकवायला हवं. मूल परतलं की कलम ४ प्रमाणे त्याचे स्वतंत्र तास लागले पाहिजेत. आणि शाळेची प्रगती सरासरीवरून ठरवू नका. सरासरी हुशार मुलांच्या जोरावर वर जाते, मागचा मागंच राहतो. वर्गातल्या सगळ्यात मागच्या चौघांना यंदा काय आलं, एवढं प्रत्येक शाळेला विचारा. शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्याहून जास्त पालकच असतात. पुढच्या बैठकीत हा प्रश्न तुम्ही विचारू शकता. त्यासाठी अधिसूचनेची वाट बघायची गरज नाही.