'समुपदेशन' : एका संज्ञेची चिकित्सा

मानसोपचाराच्या विविध पद्धतींचा परिचय करून देणारे लेखन मराठीत आता बरेच झाले आहे. त्या मानाने त्यातील परिभाषेची तपासणी मागे राहिली. इंग्रजीतील 'काउन्सेलिंग' ह्या शब्दासाठी रूढ झालेली 'समुपदेशन' ही संज्ञा ह्या दृष्टीने विचारात घेण्याजोगी आहे.

तिची फोड सम् + उपदेशन अशी होते. तिच्यात 'सम' म्हणजे समान हा शब्द पाहण्याचा मोह कोणास झाला, तर संधिनियम आड येतो. तसे असते तर रूप 'समोपदेशन' झाले असते. समानतेची छटा तेथे नाही. आहे तो उपदेशच, आणि उपसर्गाने तो अधिक भरीव केला आहे इतकेच. उलट कार्ल रॉजर्स (१९०२–१९८७) ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४२ साली 'काउन्सेलिंग अँड सायकोथेरपी' हा ग्रंथ लिहिला तो सल्ला देण्याची, मन वळविण्याची आणि उपदेश करण्याची प्रथा मोडून काढण्यासाठी. येणाऱ्या व्यक्तीस आपली वाट आपणच सापडू शकते. उपचारकाने तिला आतून समजून घ्यावे, विनाअट स्वीकारावे आणि स्वतः प्रांजळ असावे, अशी त्याची भूमिका होती. ह्या पद्धतीस 'अनिर्देशित समुपदेशन' म्हटले की मोठी गंमत होते. विशेषण आणि नाम दोन्ही 'दिश्' ह्या एकाच धातूची अपत्ये. एक दिशा दाखविण्याचे नाकारते आणि दुसरे तेच पत्करते. उपचारासाठी येणाऱ्यास 'सल्लार्थी' म्हणण्यानेही हीच गफलत पक्की होते.

यावर असा आक्षेप घेता येईल की, 'काउन्सेल' ह्या इंग्रजी शब्दाचा अर्थही सल्ला असाच आहे. आक्षेप रास्त आहे. शिवाय व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे. 'गवाक्ष' म्हणताना गाईबैलाचा डोळा कोणाच्या मनात येत नाही. परंतु 'गवाक्षा'तील डोळा मिटून गेला आहे, 'समुपदेशना'तील उपदेश मात्र अद्याप जागा आहे. 'उपदेशाचे डोस पाजणे' हा वाक्प्रचार ज्या भाषेत रोज वापरला जातो, तेथे ह्या संज्ञेचा पूर्वार्थ पुसला जाणे कठीण.

ह्याचे परिणाम दांपत्यांच्या बाबतीत विशेष जाणवतात. १९८४ च्या कुटुंब न्यायालय अधिनियमाचा घोषित उद्देश विवाह व कुटुंब यांविषयीच्या तंट्यांत समेट घडवून आणणे आणि ते सत्वर मिटविणे हा आहे. न्यायालयातील विवाह समुपदेशकाचे काम त्या उद्देशाशी बांधलेले असते, आणि ते तसे असण्यात वावगे काही नाही. दांपत्योपचाराचे मात्र तसे नव्हे. तेथे समेट हे आधीच ठरवून ठेवलेले फलित नसते. दोघांनी सन्मानाने वेगळे होणे हेही त्याचे यश असू शकते. ही दोन्ही कामे एकाच शब्दाने ओळखली जातात. माहेरच्यांनी, सासरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीही जिला 'जुळवून घे' असेच सांगितले, तिला कोणी 'समुपदेशकाकडे जा' म्हटले, तर तिला आणखी एक वडीलधारे माणूस तेवढे दिसते. ती गेली नाही, तर दोष तिच्या अज्ञानाचा म्हणावयाचा की संज्ञेचा?

परिभाषेच्या मानाने बोलीची समज सूक्ष्म आहे. आल्बर्ट एलिस याने १९५५ च्या सुमारास मांडलेली आणि कि. मो. फडके यांनी मराठी भाषकांत रुजविलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती असे सांगते की, प्रसंग माणसास अस्वस्थ करीत नाही. प्रसंगाविषयीची त्याची धारणा करते. मराठीत 'मला राग आला' असे म्हणतात; राग बाहेरून येतो आणि माणूस चतुर्थीत बसून राहतो. एवढ्यावरून मराठी व्याकरण ह्या विचारास प्रतिकूल आहे असा निष्कर्ष काढणे उतावळेपणाचे होईल. कारण तीच भाषा 'मनाला लागले' आणि 'मनाला लावून घेतले' यांत भेद करते. 'घेणे' ह्या एका सहायक क्रियापदाने एलिसचा अर्धा सिद्धांत घरबसल्या सांगितला जातो. 'त्रास झाला' आणि 'त्रास करून घेतला' ही जोडीही तशीच. पाठ्यपुस्तकांनी 'अविवेकी धारणांचे निराकरण' असल्या शब्दजुळणीऐवजी ह्या क्रियापदापासून आरंभ केला, तर विद्यार्थ्यांचे श्रम वाचतील.

मात्र ह्या वाक्प्रचारात एक धोका आहे. 'एवढे मनाला लावून घेऊ नकोस' हे वाक्य मराठी घरांत शतदा उच्चारले जाते, आणि ते बहुधा दुखावलेल्याला उद्देशून असते, दुखावणाऱ्याला नव्हे. त्याचा व्यवहारातील अर्थ 'गप्प राहा' असा होतो. एलिसची पद्धती सौम्य नव्हे, ती थेट वाद घालते. परंतु तिचा वाद धारणेशी असतो, तक्रारीशी नव्हे. अन्याय घडलाच नाही असे ती म्हणत नाही. पतीच्या देखत 'ह्यांचे बोलणे मनाला लागते' असे पत्नीने सांगितल्यावर उपचारकाने 'लावून घेऊ नका' म्हटले, तर पद्धती एलिसची राहते आणि आवाज सासूचा होतो. त्याऐवजी 'ते लागले तेव्हा मनात काय आले?' असे विचारणे, आणि 'ह्यांचे' म्हणून तृतीय पुरुषात ठेवलेल्या, शेजारीच बसलेल्या त्या गृहस्थास तिने 'तुम्ही' म्हणून सरळ सांगावे यासाठी थांबून राहणे, हे अधिक अवघड काम आहे. त्याला मराठीत अद्याप नाव नाही.