गसीचे न्यूट आणि तळ्यातले न्यूट

पी. जी. वुडहाऊस यांच्या ‘राइट हो, जीव्ह्ज’ (१९३४) या कादंबरीतला बक्षीससमारंभ बऱ्याच शिक्षकांना ठाऊक असतो. गसी फिंक-नॉटल नावाचा भिडस्त तरुण झिंगलेल्या अवस्थेत शाळेच्या व्यासपीठावर बक्षिसे वाटायला उभा राहतो आणि सभेचा पुरता विचका करतो. या गसीला जगात एकाच गोष्टीचा नाद आहे. तो न्यूट पाळतो. मी ही कादंबरी प्रथम वाचली तेव्हा न्यूट म्हणजे एखादा मासा असेल, असे समजून पुढे गेलो होतो. बऱ्याच वाचकांचे तसेच होत असावे. विनोद कळायला न्यूट माहीत असण्याची गरज नाही. पण माहीत असेल तर विनोदाची चव बदलते, आणि लेखकाने प्राणी कितपत नीट पाहिला आहे हेही तपासता येते.

न्यूट हा बेडकासारखाच उभयचर, पण शेपटी असलेला. दिसायला पालीसारखा, मात्र अंगावर खवले नाहीत, कातडी मऊ आणि ओलसर. महाराष्ट्रात उभयचर म्हणजे बेडूक आणि बिनपायाचे देवगांडूळ. शेपटीवाले उभयचर आपल्याकडे नाहीत. भारतात न्यूट पाहायचा तर दार्जिलिंग-सिक्कीमकडे जावे लागते. इंग्लंडमध्ये मात्र तळ्यांत, बागेतल्या डबक्यांतही सर्रास आढळणारा स्मूथ न्यूट आहे. लांबी सुमारे १० सेंटिमीटर. एरवी तपकिरी, नजरेत न भरणारा. वसंतात तो पाण्यात उतरला की नराच्या पाठीवर आणि शेपटीवर नागमोडी तुरा उगवतो, पोट नारिंगी होते, त्यावर काळे ठिपके उठून दिसतात. मादी बिचारी होती तशीच राहते.

गसीचे मॅडेलिन नावाच्या मुलीवर प्रेम आहे आणि तिला विचारायचे धाडस नाही. म्हणून तो मित्रापाशी न्यूटचा हेवा करतो: नराला त्या दिवसांत रंग चढतो, मादीपुढे उभे राहून शेपूट थरथरवली, अंग अर्धवर्तुळात वाकवले, की झाले काम! हे वर्णन वुडहाऊस यांनी हवेतून काढलेले नाही. टाकीतल्या न्यूटकडे पाहणाऱ्याला हे खरोखरच दिसते. नर मादीच्या वाटेत आडवा येतो, शेपूट दुमडून अंगालगत धरतो आणि तिचे टोक भराभर हलवतो. त्यामुळे पाण्याचा एक हलका झोत मादीच्या नाकाकडे जातो आणि त्याबरोबर नराचा गंधही. विनोदी कादंबरीत एवढा अचूक तपशील सापडावा याचे मला कौतुक वाटते.

चूक आहे ती ‘की झाले काम’ या समजुतीत. टिम हॅलिडे या इंग्लिश प्राणिशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात स्मूथ न्यूटच्या जोड्या काचेच्या टाकीत ठेवून त्यांच्या प्रणयाची टप्प्याटप्प्याने नोंद केली. शेपूट थरथरवणे ही नुसती सुरुवात. मादी पुढे सरकली तरच नर पाठ वळवून हळूहळू चालू लागतो. ती मागोमाग येऊन त्याच्या शेपटीला नाक लावते, तेव्हा तो शुक्राणूंची एक चिकट पुडी तळाशी ठेवतो आणि थोडा पुढे जाऊन आडवा थांबतो, म्हणजे मादी नेमकी पुडीवर यावी. ती मादीने आपल्या अवस्करात उचलली तरच फलन. पुष्कळदा ती उचलत नाही, किंवा पुडी तिला चुकते. बेडकाचा नर मादीला मिठी मारून धरून ठेवतो. हा नर तिला धरतच नाही. मादी केव्हाही वळून निघून जाऊ शकते.

त्यात श्वासाची अडचण. न्यूटला फुप्फुसे असतात. कातडीतून थोडा प्राणवायू मिळतो, पण मधूनमधून पाण्यावर येऊन हवा घ्यावीच लागते. प्रणय तर तळाशी चाललेला. वर गेले तर मादी हातची जाणार, न गेले तर जीव घुसमटणार. हॅलिडे आणि त्यांचे सहकारी स्वेटमन यांनी १९७६ साली नेमक्या याच पेचावर निबंध लिहिला. म्हणजे ज्याचा हेवा करत गसी बसला होता, तो प्राणी त्याच्यासारखाच श्वास रोखून होकाराची वाट पाहणारा निघाला! वुडहाऊस यांना हे ठाऊक असते तर तो प्रसंग अधिकच हास्यकारक झाला असता असे मला वाटते.

मादी पाहील की नाही, हा प्रश्न वुडहाऊस यांच्या संवादात येतो, पण शब्दांच्या कोलांटउड्यांत हरवतो. विनोदी लेखकाकडे त्याबद्दल तक्रार करण्यात अर्थ नाही. वर्गात मात्र ‘नर मादीला जिंकतो’ असे आपणही सहज बोलून जातो, आणि मुलांच्या डोळ्यांपुढचे चित्र तिथेच पक्के होते. त्या तुऱ्याचे आणि रंगाचे मोल कोण ठरवते, हे विचारले तर धड्याचा रोखच बदलतो.

पुढे ‘द कोड ऑफ द वूस्टर्स’ (१९३८) मध्ये गसी न्यूटना न्हाणीच्या टबात ठेवतो. हा प्रसंग आज वाचताना पूर्वीइतके मोकळे हसू येत नाही. न्यूट आणि सॅलमँडर यांची कातडी खाणारी एक बुरशी नेदरलँड्समधल्या सॅलमँडरच्या मृत्यूंमागे सापडली, आणि २०१३ साली तिला शास्त्रीय नाव मिळाले. पाळण्यासाठी होणाऱ्या व्यापारातून ती आशियातून युरोपात पोहोचली असावी, असा संशोधकांचा निष्कर्ष आहे. टबातले पाणी शेवटी गटारातच जाते. गसीला हे माहीत असण्याचे कारण नव्हते. आज हौस करणाऱ्याला माहीत असायला हवे.

याच कादंबरीत गसी एक प्रयोगही करू पाहतो: पौर्णिमेचा न्यूटच्या प्रेमजीवनावर परिणाम होतो का? वाचकाने हसावे म्हणूनच हा प्रश्न घातलेला आहे. पण २००९ साली रेचेल ग्रँट, एलिझाबेथ चॅडविक आणि तेच टिम हॅलिडे यांनी उभयचरांचे प्रजनन आणि चंद्राच्या कला यांवर एक निबंध प्रसिद्ध केला. प्रजननासाठी तळ्याकडे येणाऱ्या न्यूटची संख्या पौर्णिमेच्या आणि अमावस्येच्याही सुमारास वाढते, असे त्यात आढळले. गसीचा प्रश्न वेडगळ नव्हताच. त्याने तो झोपायच्या खोलीतल्या टाकीला विचारला, एवढेच. जमिनीवरून चालत तळ्याकडे यायला त्याच्या न्यूटना वाटच नव्हती.